कुंभार की गाढव? बाभळीखालची माती आणि ‘घडवणे’ हे क्रियापद

(सोनारी, ता. परंडा, जि. धाराशिव येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली वळणे शक्य तिथे तशीच ठेवली आहेत.)



आजचा विषय आम्ही एका क्रियापदापासून सुरू करणार आहोत. कोरड्या प्रदेशातल्या वनस्पती आणि मातीतले जिवाणू यांच्यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुष्कळ संशोधन झालं. त्याचा सारांश बहुतेक ठिकाणी एकाच वाक्यात सांगितला जातो: वाळवंटातलं झाड आपल्या मुळांभोवतीचा जिवाणूंचा समाज घडवतं. हे ‘घडवतं’ शोधनिबंधाच्या मथळ्यात असतं, मोबाईलवरच्या व्हिडिओत असतं, आणि कृषी सेवा केंद्रातल्या बाटलीच्या लेबलावरही असतं. फरक एवढाच, की तिथे घडवणारं झाड नसतं, बाटली असते.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला. प्रयोगशाळेतलं मोजमाप बरोबर की चूक, हे सांगायचा अधिकार आमचा नाही. पण मोजमापाकडून निष्कर्षाकडे जाताना ‘कारण’ हा शब्द कोणी कसा वापरला, हे तपासणं आमच्या विषयातलंच काम आहे. आज तेवढंच करायचं आहे.

आता कोणी म्हणेल, सोनारीत वाळवंटाचं काय काम? बरोबर आहे. चैत्रात भैरवनाथाच्या यात्रेला येणाऱ्याला पायाखालची माती कितीही तापलेली वाटली तरी हे वाळवंट नव्हे. सीनेच्या अंगाला काळी भारी जमीन आहे, माळाला मुरूम आहे, आणि पाऊस येतो तेव्हा येतोही. पण अवर्षण आपल्याला नवं नाही. शास्त्रज्ञ ज्याला शुष्क आणि अर्धशुष्क प्रदेश म्हणतात त्या मोठ्या पट्ट्याच्या कडेवर आपण बसलो आहोत. बाभूळ, हिवर, बोर, तरवड, नेपती, बांधावरचं घायपात, गायरानातली वेडी बाभूळ ही सगळी कोरडेपणाशी जमवून घेतलेली मंडळी. तेव्हा वाळवंटातल्या झाडाबद्दल जे बोललं जातं ते हळूहळू आपल्या बांधावर येणार. किंबहुना आलेलंच आहे.

मग हे क्रियापद तपासायचं कशाने? त्यासाठी परदेशी जायची गरज नाही. आपल्या नैयायिकांनी कार्यकारणाची चर्चा करताना हजारदा जे उदाहरण घेतलं, ते मातीचंच आहे. घट. ‘घडवणे’ आणि ‘घट’ हे शब्द एकाच घरातले. घट कशामुळे झाला? माती हे समवायी कारण, म्हणजे ज्याच्यातून तो झाला ते. कुंभार, दंड, चाक ही निमित्त कारणं. इथपर्यंत सरळ आहे. पण नैयायिक तिथे थांबले नाहीत. त्यांनी विचारलं, माती ज्या गाढवाच्या पाठीवरून आली त्या गाढवाचं काय? ते तर प्रत्यक्ष हजर होतं! विश्वनाथ पंचाननांच्या सतराव्या शतकातल्या ग्रंथात या गाढवाला मानाचं स्थान आहे. त्याला म्हणतात ‘अन्यथासिद्ध’. म्हणजे, हजर होतं खरं, पण त्याच्यावाचून अडलं नसतं. माती डोक्यावरून आणता आली असती.

आणि कुंभार कोण, गाढव कोण, हे ओळखायची कसोटी कोणती? अन्वय आणि व्यतिरेक. ते असेल तर हे असतं, हा अन्वय. ते नसेल तर हे नसतं, हा व्यतिरेक. दोन्ही मिळाले तर कारण म्हणायला सुरुवात करायची. नुसत्या अन्वयावर गाढवसुद्धा कुंभार ठरतं, बरं का.

ही कसोटी हातात घेऊन आता झाडाकडे येऊ. टीका करायची तर आधी समोरच्याची बाजू तिच्या सगळ्यात बळकट रूपात मांडावी, हा पूर्वपक्षाचा नियम. तो पाळू.

सगळ्यात बळकट जागा आहे मुळावरची गाठ. १९०४ साली लोरेन्झ हिल्टनर या जर्मन संशोधकाने मुळाभोवतीच्या मातीला ‘राइझोस्फिअर’ हे नाव दिलं. शेंगवर्गीय पिकांचा अभ्यास करतानाच त्याच्या लक्षात आलं होतं की मुळाला चिकटलेली माती आणि चार बोटं लांबची माती या दोन वेगळ्या वस्त्या आहेत. तुरीचं किंवा हरभऱ्याचं रोप हलक्या हाताने उपटा, मुळावर गाठी दिसतील. गाठ फोडली आणि आत लालसर दिसलं, की काम चालू आहे समजायचं. ही गाठ कशी होते? मूळ विशिष्ट रसायनं सोडतं, विशिष्ट जिवाणू त्यांना प्रतिसाद देऊन स्वतःचं रसायन सोडतो, मूळ त्याला आत घेतं, घर बांधून देतं, साखर पुरवतं, आणि तो हवेतला नायट्रोजन बांधून देतो. हरभरा तर इतका चोखंदळ आहे की मोजक्याच जातींचे जिवाणू त्याला चालतात. तूर त्या मानाने मोकळ्या मनाची. रोप नाही तर गाठ नाही. जिवाणू नसेल तरी गाठ नाही. इथे अन्वयही आहे, व्यतिरेकही आहे. इथे झाडाला कुंभार म्हणायला आमची हरकत नाही.

बाभूळ आणि वेडी बाभूळ या दोघीही अशा गाठी करतात. पण म्हणून शेंग दिसली की गाठ असणारच, असं समजू नका. आपला तरवड आणि पावसाळ्यात माजणारा टाकळा, दोघांना शेंगा येतात, पण ते ज्या कुळातले आहेत ते सहसा गाठी करत नाही. ‘शेंगेचं झाड जमीन सुधारतं’ हे वाक्य आपल्याकडे सरसकट बोललं जातं. ते निम्म्या माळावर लागू पडत नाही.

दुसरी बळकट जागा तर आपल्या ताटातच आहे. ज्वारी. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळची मालदांडी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. रब्बीची ज्वारी पाऊस संपता संपता पेरायची आणि पुढचे महिने जमिनीत मुरलेल्या ओलीवर काढायचे. म्हणजे रोज थोड्या थोड्या वाळत जाणाऱ्या मातीत तिची मुळं जगतात. या मुळांच्या केसांतून तेलकट थेंब पाझरतात. त्यांत सॉर्गोलिओन नावाचं द्रव्य असतं. अमोनियमचं नायट्रेट करणारे जे जिवाणू मातीत असतात, त्यांचं काम हे द्रव्य मंद करतं. नायट्रेट पाण्याबरोबर वाहून जातं, अमोनियम मातीला धरून राहतं. तेव्हा ज्वारी आपलं खत राखते असं म्हणता येईल. जपानी संशोधकांनी आणि हैदराबादजवळच्या पटांचेरूच्या इक्रिसॅटमधल्या लोकांनी यावर मोठं काम केलं आहे. सगळ्या वाणांत हे द्रव्य सारखं नसतं, म्हणजे वाण बदलला की परिणाम कमी-जास्त होतो. हाही व्यतिरेकाचाच एक प्रकार. आणि मुळातून सोडलेली रसायनं नेहमी धन्याच्या फायद्याची असतात असंही नाही. ज्वारीवरचा टारफुला आठवा. त्याचं बी मुळांच्या रसायनाचा सुगावा लागल्यावरच उगवतं. मूळ बोलतं तेव्हा शत्रूही ऐकत असतो.

तिसरी जागा पाण्याची आणि सावलीची. झाड वरची माती उन्हापासून झाकतं, पालापाचोळा टाकतं. खोल मुळांची काही झाडं रात्री खालची ओल वर ओढतात आणि ती वरच्या कोरड्या थरात थोडी झिरपते. १९८७ मध्ये रिचर्ड्स आणि कॉल्डवेल यांनी अमेरिकेतल्या एका झुडपावर हे दाखवलं. वेड्या बाभळीची जी भावंडं अमेरिकेत मेस्किट म्हणून ओळखली जातात, त्यांचं मूळ ॲरिझोनातल्या एका खाणीत ५३ मीटर खोल सापडल्याची नोंद आहे. आपल्या कितीतरी विहिरी त्याहून उथळ आहेत.

हे सगळं एकत्र केलं की ‘सुपीकतेची बेटं’ ही कल्पना समजते. उघड्या माळावर झुडूप म्हणजे बेट. त्याच्याखाली सेंद्रिय द्रव्य जास्त, ओल जास्त टिकलेली, आणि जिवाणू जास्त. राजस्थानात खेजडीखाली, म्हणजे आपल्या शमीखाली, हेच दिसतं. १९५९ पासून जोधपूरला काझरी ही संस्था आहे, तिथल्या संशोधकांनी खेजडीखालची माती आणि उघडी माती यांतला फरक वेळोवेळी मांडला आहे.

इथवर पूर्वपक्ष. तो खोटा नाही. आता आमच्या शंका.

पहिली शंका बाभळीखाली बसलेल्या शेळीची. दुपारी बारा वाजता माळावर जा. शेळ्या, मेंढ्या कुठे असतात? बाभळीखाली. तिथे त्या लेंड्या टाकतात, मुततात. पक्षी वर बसतात, तेही खालीच शिटतात. वाऱ्याने उडालेली बारीक माती झुडपाला अडते आणि बुडाशी साठते. आता संशोधक येतो, बाभळीखालची चिमूटभर माती घेतो, दहा पावलांवरच्या उघड्या जागेतली घेतो, दोन्हींतले जिवाणू मोजतो. फरक दिसतो. तो म्हणतो, बाभळीने जिवाणू घडवले. अहो, पण शेळीने किती घडवले? धनगराला पैसे किंवा धान्य देऊन शेतात मेंढ्या बसवायची रीत आपल्याकडे आहे. ती कशासाठी आहे हे इथे कोणाला सांगायला नको. तीच गोष्ट झाडाखाली रोज दुपारी फुकट घडते. नैयायिकांच्या उदाहरणात गाढव बाजूला काढायचं होतं, आपल्या उदाहरणात उलटी पाळी आहे. जनावराला अन्यथासिद्ध ठरवून हिशेबातून वगळलं, आणि त्याचं काम झाडाच्या नावावर चढवलं.

यात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे. झाडामुळे जागा सुपीक झाली, की जागा सुपीक होती म्हणून झाड तिथे रुजलं? मुरमाड माळावर जिथे खोलगट भाग असतो, पाणी घडीभर थांबतं, तिथेच बी धरतं. मग वीस वर्षांनी आपण पाहतो आणि झाडाला श्रेय देतो. हे सोडवायचं तर नुसतं ‘खाली’ आणि ‘बाहेर’ असं मोजून भागत नाही. काही झाडं तोडून जागा तशीच राखावी लागते, काही उघड्या जागी झाडं लावावी लागतात, काही झाडांना कुंपण घालून जनावर बाहेर ठेवावं लागतं, आणि मग वर्षानुवर्षं थांबावं लागतं. असे प्रयोग होतात. पण ‘खाली-बाहेर’ मोजमापाइतके सोपे नसल्याने ते कमी होतात, आणि मथळे मात्र सोप्या मोजमापावरही तितकेच मोठे बांधले जातात.

दुसरी शंका मातीची स्वतःची. सगळ्या चर्चेत माती म्हणजे कोरी पाटी, झाड येईल आणि लिहील, असं गृहीत धरलेलं असतं. पण पाटी कोरी नसते. २००६ मध्ये फिअरर आणि जॅक्सन यांनी उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या ९८ ठिकाणची माती तपासली. जिवाणूंची विविधता कशावरून ओळखता येते? पावसावरून नाही, उष्णतेवरून नाही. सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो मातीचा सामू, म्हणजे आम्ल-विम्लता. आणि गंमत बघा, ॲमेझॉनच्या घनदाट जंगलातल्या आम्लधर्मी मातीपेक्षा अर्धवाळवंटी, उदासीन सामूच्या मातीत जिवाणूंची विविधता जास्त निघाली. वर हिरवं किती, यावरून खाली किती प्रकारचे जीव आहेत हे सांगता येत नाही. आपली जमीन चुनखडीची, सामू विम्लाकडे झुकलेला, आणि कुठे कुठे चोपण. खेळाचं मैदान आधी माती आखते, मग त्यात झाड खेळतं.

त्यात आपली काळी माती वेगळीच आहे. वाळवंटावरचे बरेच प्रयोग वाळूत झाले. वाळूत पाणी धरून ठेवायला काही नाही, अन्न धरून ठेवायला काही नाही. तिथे मूळ हीच एकमेव चिकट, ओली, अन्नाची जागा. तिथे झाडाचा प्रभाव ठळक दिसणारच. काळ्या मातीतली चिकणमाती स्वतःच पाणी धरते, फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगांत वरची माती, काडीकचरा पडतो आणि पावसात भेग मिटते. जमीन स्वतःला थोडी थोडी उलथत राहते. आमचा तर्क असा, की अशा जमिनीत झाडाखालची आणि बाहेरची माती यांतला फरक वाळूइतका धारदार नसावा. हा तर्क आहे, मोजलेलं सत्य नव्हे. पण जोधपूरच्या वाळूतला निष्कर्ष उचलून परंड्याच्या काळीत आणणारा माणूससुद्धा तर्कच करत असतो. त्याने तेवढं सांगावं, इतकीच अपेक्षा.

घायपाताचं उदाहरण इथे उपयोगी आहे. २०१६ मध्ये मेक्सिको आणि कॅलिफोर्नियातल्या तीन जातींच्या घायपातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिवाणूंच्या बाबतीत सगळ्यात निर्णायक ठरलं ते पानावरचे, मुळातले की मातीतले, म्हणजे झाडाचा कोणता भाग, हे. बुरश्यांच्या बाबतीत निर्णायक ठरला तो प्रदेश. नीट पाहा. ‘मुळापाशी वेगळे जिवाणू असतात’ आणि ‘या जातीचं झाड आपले खास जिवाणू जमवतं’ ही दोन विधानं आहेत. पहिल्याचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही. मूळपणा वेगळा आणि घायपातपणा वेगळा. भाषणांत, लेखांत या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते.

तिसरी शंका मोजणीची. आज मातीतले जिवाणू मोजायचे म्हणजे मातीतून डीएनए काढायचा आणि तो कोणाकोणाचा हे वाचायचं. पद्धत उत्तम, पण तिच्यात आपल्या ओळखीची एक अडचण आहे. मतदार यादीत मेलेल्यांची नावं! २०१६ मध्ये कारिनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मातीतला सरासरी ४० टक्के डीएनए मेलेल्या, फुटलेल्या पेशींचा असतो. जगलेले किती आणि नुसते नावाला उरलेले किती, हे यादी सांगत नाही. कोरड्या मातीत तर तिसरा वर्ग मोठा असतो: मेलेले नाहीत, पण झोपलेले. महिनोन्महिने काही न करता पडून राहायचं आणि पहिल्या पावसाला जागं व्हायचं. १९५८ मध्ये केनियातल्या मातीवर काम करताना बर्च यांनी लिहिलं की वाळलेली माती भिजली की तिच्यातून एकदम कर्बवायू आणि नायट्रोजन सुटतो. मृगाच्या पहिल्या सरीला जो वास येतो, त्यातला मोठा वाटा जिओस्मिन या द्रव्याचा, आणि ते प्रामुख्याने स्ट्रेप्टोमायसिससारखे जिवाणू करतात. म्हणजे वैशाखात घेतलेली चिमूट आणि आषाढात घेतलेली चिमूट या दोन वेगळ्या गावांच्या यादीसारख्या. वर्षातून एकदा येऊन, एक चिमूट घेऊन, ‘झाडाने समाज घडवला’ म्हणणं घाईचं आहे.

आणखी एक. या याद्या बहुतेक टक्केवारीत असतात. गावातली निम्मी माणसं ऊसतोडीला गेली की गावात म्हाताऱ्यांची टक्केवारी वाढते. म्हाताऱ्यांची संख्या वाढली का? नाही. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात ज्वारीवर झालेला एक अभ्यास चांगला आहे. पाणी तोडल्यावर कोवळ्या मुळांवरचा जिवाणूंचा समाज वाढण्यात उशीर झाला आणि जाड भिंतीच्या, एकपदरी आवरणाच्या जिवाणूंचा वाटा वाढला. हा बदल मातीपेक्षा मुळात ठळक होता, आणि पुन्हा पाणी दिल्यावर ओसरला. हा अभ्यास आम्हाला आवडतो, कारण त्यात पाणी काढून पाहिलं आणि परत देऊन पाहिलं. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही. आणि तो काय सांगतो? दुष्काळ आणि मूळ दोघे मिळून काम करतात. एकट्या झाडाने घडवलं म्हणायला तिथेही जागा नाही.

मग आमचं म्हणणं काय? झाड काहीच करत नाही, असं? मुळीच नाही. २०१५ मध्ये माएस्त्रे आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या ८० कोरड्या ठिकाणांची माती तपासून दाखवलं की कोरडेपणा वाढला की जिवाणू आणि बुरश्या यांची विविधता आणि संख्या दोन्ही घटतात, आणि त्यात मातीतल्या सेंद्रिय कर्बाच्या घटीचा मोठा हात आहे. तो कर्ब कोण टाकतं? झाडच ना! म्हणजे झाड अनिवार्य आहे. पण अनिवार्य असणं आणि कर्ता असणं यांत अंतर आहे. चाक अनिवार्य असतं, म्हणून चाकाला कोणी कुंभार म्हणत नाही. गाठीच्या बाबतीत झाड कुंभाराच्या जवळ जातं. सॉर्गोलिओनच्या बाबतीत कुंभाराच्या हाताला हात लावतं. सावली, पालापाचोळा, ओल यांच्या बाबतीत ते सहकारी कारण आहे, माती, पाऊस, जनावर आणि काळ यांच्या पंगतीत बसलेलं. ‘घडवतं’ हे एकच क्रियापद या तिघांवर झाकण घालतं. ‘निवडतं’, ‘पोसतं’, ‘राखतं’, ‘थांबवतं’ अशी साधी क्रियापदं मराठीत आहेत. ज्या ठिकाणी जे खरं, तिथे ते वापरावं.

तुम्ही म्हणाल, हा शब्दांचा कीस झाला. सर, यात आमच्या शेताचं काय? तेच सांगतो.

‘घडवणं’ हे क्रियापद एकदा मान्य केलं की कर्ता बदलता येतो. झाड घडवतं, तर बाटलीही घडवेल! जैविक खतं २००६ पासून खत नियंत्रण आदेशात आली. बाटलीत किती जिवाणू जिवंत असावेत, याचा नियम आहे. पण बाटलीतून शेतात गेल्यावर किती जगले, याचा नियम करता येत नाही. चमचाभर मातीत आधीच कोट्यवधी जिवाणू आहेत. त्यांच्या गर्दीत, आपल्या सामूत, आपल्या उन्हात, आपल्या कोरडीत हा पाहुणा टिकला तर टिकला. हरभऱ्याला त्याच्या जातीचं जिवाणूखत बियाण्याला चोळणं वेगळं. तिथे मूळ त्याला घरात घेणार असतं, म्हणून ते समजण्यासारखं आहे, विशेषतः ज्या रानात पूर्वी हरभरा झालाच नाही तिथे. पण ‘वाळवंटातले दुष्काळरोधक जिवाणू, फवारा आणि निश्चिंत व्हा’ हे वाक्य गाठीचा पुरावा सगळ्या मातीवर पसरवून उभं केलेलं असतं. तिथे बाटली कुंभार नाही. बहुतेक वेळा ते गाढवच, आणि त्याचं भाडं आपण भरतो.

दुसरा परिणाम बांधावर होतो. बाभळीचा वसवा पिकावर पडतो म्हणून आपण बांधावरची बाभूळ काढतो. वसवा खरा आहे, सावलीत आणि मुळांच्या ओढीत ज्वारी खुरटते. पण ज्या बांधावर पाचोळा पडतो, शेळ्या बसतात, माती अडते, ती जागा एकदा गेली की जे एकत्र साठत होतं तेही जातं. तिथे कोणत्या जिवाणूची टक्केवारी किती, हे आपल्याला कधीच कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही. जे अनेक कारणांच्या पंगतीतून होतं ते त्यातल्या एकाला विकत आणून परत मिळत नाही.

तिसरा परिणाम ‘पडीक’ या शब्दाचा. सरकारी कागदावर गायरान आणि माळ पडीक असतो. पडीक म्हणजे जिथे काही होत नाही. पण आत्तापर्यंत आपण जे बोललो ते सगळं पडीकातच चाललं आहे. घडवणारा दिसत नाही म्हणून काही घडत नाही, असं आपण धरून चालतो. हा विचारातला दोष आहे, आणि त्याची किंमत जमिनीला मोजावी लागते.

कोणीही आपल्या रानात एक काम करू शकतो. खर्च नाही. नवं काही घालायचं असेल, बाटली असो, जीवामृत असो, पाचोळा असो, तर रानाच्या चार पट्ट्यांत घाला आणि चार पट्ट्या तशाच ठेवा. पट्ट्या एकाआड एक ठेवा, म्हणजे एका बाजूची चांगली जमीन एकाच्या वाट्याला जाणार नाही. दोन-तीन हंगाम पाहा. फरक दिसला तर तो व्यतिरेकाने आलेला असेल. नैयायिकांनी सतराव्या शतकात सांगितलेलं काम परंड्याच्या शेतात होऊ शकतं.

(यानंतर प्रश्नोत्तरे झाली. त्यांतील दोन प्रश्न येथे दिले आहेत.)

प्रश्न: सर, गायरानात वेडी बाभूळ माजली आहे. तुम्हीच म्हणालात की ती नायट्रोजन बांधते, तिच्याखालची माती चांगली होते. मग ठेवावी की काढावी?

उत्तर: प्रश्न अगदी मर्मावर आहे. १९९० मध्ये श्लेसिंगर आणि सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतल्या जोर्नाडा या ठिकाणावरून एक गोष्ट मांडली होती. तिथे पूर्वी गवताळ रान होतं. त्यात झुडपं आली, त्यांत मेस्किटही, म्हणजे वेड्या बाभळीची बहीण. झुडपाखालची माती सुधारली. पण ती सुधारणा आली कुठून? मधल्या जागेतून. पूर्वी जे गवताखाली सारखं पसरलेलं होतं ते झुडपांच्या बुडाशी गोळा झालं, आणि मधला भाग उघडा पडला, वाऱ्यापाण्याने झिजला. त्यांनी याला वाळवंटीकरणाची खूण मानलं. म्हणजे बेट सुपीक झालं, तेव्हा समुद्र ओसाड झाला. ‘झाडाखाली जिवाणू जास्त’ या एका आकड्यावरून गायरान सुधारलं की बिघडलं, हे कळत नाही. गुरांचं गवत वाढलं की घटलं, ते पाहा. आमच्या मते मोठी झालेली एकदम उपटून माळ उघडा पाडू नये. टप्प्याटप्प्याने काढावी, काढलेल्या जागी लगेच गवत आणि आपली बोर, हिवर, बाभूळ धरावी, आणि बुंध्यातून पुन्हा फुटणारे कोंब सोडून देऊ नयेत. पण हे गावाने ठरवायचं. जळणासाठी तिच्यावर अवलंबून असलेल्या बायांना विचारल्याशिवाय ठरवू नये.

प्रश्न: मग शास्त्रज्ञांवर विश्वास ठेवायचा की नाही?

उत्तर: आज आम्ही ज्या शंका काढल्या त्यातल्या बहुतेक शास्त्रज्ञांनीच काढलेल्या आहेत. ४० टक्के मेलेला डीएनए कोणी शोधला? त्यांनीच. सामूचं महत्त्व कोणी दाखवलं? त्यांनीच. आमची तक्रार प्रयोगाशी नाही, प्रयोगाच्या पुढे पळणाऱ्या क्रियापदाशी आहे. तेव्हा विश्वास ठेवा, पण मथळा वाचून नव्हे. काय मोजलं, कशाशी ताडून पाहिलं, आणि ते काढून टाकल्यावर काय झालं, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याचं उत्तर मिळालं नाही, तर ‘घडवतं’ हा शब्द मान्य करू नका.